एकदा वाजवलं की वाढव

शिंप्याकडं चिंध्या साठतात, न्हाव्याकडं केस साठतात आणि गाड्यांना साउंड सिस्टम बसवणाऱ्याकडं किस्से साठतात. चिंध्यांची निदान गोधडी तरी होते. किश्श्यांचं काय करायचं? बायकोला सांगायला गेलो की म्हणते, "असलं घरात सांगू नका, पोरं भितात." पोरं कुठली भितात, तीच भिते! म्हणून तुम्हाला सांगतो. पटलं तर पटलं, न्हाई तर चहा पिऊन उठा, माझी काही जबरदस्ती न्हाई.

दुकान आमचं लातुरात, नांदेड रोडला. मालक बसूअण्णा. कपाळावर भस्माचे पट्टे, गालात सुपारी, आणि कान असा की मागच्या दाराचा स्क्रू ढिला असला तर पुढं बसून सांगतील. मी दत्ता. मूळचा कंधारकडचा. मी करंटवाला माणूस, बरं का. तार जोडली की आवाज, तोडली की गप. ह्याच्या मधलं काही नसतं, असं माझं म्हणणं होतं. 'होतं' म्हणालो, ध्यानात ठेवा.

आमची काम करायची एक पद्धत आहे. अँप्लिफायर बसतो डिकीत. त्याच्यावर एक बारका स्क्रू असतो, त्याला 'गेन' म्हणतात. तो फिरवला की आवाजाची ताकद कमी-जास्त होते. एक जण डिकीत स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो, दुसरा पुढच्या सीटवर बसून ऐकतो. आता वूफर धडधडत असताना पुढच्याचं ओरडणं मागच्याला घंटा ऐकू येतं! म्हणून खुणा. पुढच्यानं डॅशबोर्डवर एकदा टक केलं की वाढव. दोनदा टक-टक, कमी कर. तीनदा वाजवलं की बास, सोड आता. मग मागच्यानं स्क्रूवरचा हात काढायचा.

आणि गाणं लावायच्या आधी अण्णा आणखी एक करतात. अँप चालू करायचा, पण गाण्याची तार जोडायची न्हाई. काचा वर करून नुसतं बसायचं. "आधी गाडीची शांतता ऐकू दे दत्त्या. कुठं काय वाजतंय ते कळतं."

ह्या खुणा अण्णांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं, शिवानं, ठरवलेल्या. दोघं आळीपाळीनं पुढं बसायचे. अण्णा पुढं बसले की आपलं एक टक, एक टक, वाढवच वाढव. शिवा बसला की लगेच तीनदा. बास, सोड आता. मग डिकीतून अण्णांचा आरडाओरडा, "अरे इतक्यात काय बास? गाडी हाय का देवघर?" भांडणं ऐकायला गिऱ्हाईक मुद्दाम थांबायचं म्हणे.

म्हणे म्हणतो, कारण मी शिवाला बघितलेलं न्हाई. मी यायच्या आधी एका दुपारी तो "देगलूरला जाऊन येतो, आलो की चहा घेऊ" म्हणून आपली पांढरी व्हॅन घेऊन गेला. तो आलाच न्हाई. ना शिवा, ना व्हॅन. पोलिसात दिलं, नांदेड पालथं घातलं, पार तेलंगणात हिंडून आले. काही न्हाई. अण्णांची आई, अव्वा, अजून दारात उभी असते. अण्णा घरी गेले की पहिला प्रश्न, "शिव्या आला का रे?" आणि अण्णांचं रोजचं उत्तर, "येतोय अव्वा. वाटेवर हाय."

पाहुणे म्हणतात, बसू, काय ते विधी करून मोकळे व्हा, म्हातारीला किती लोंबकळत ठेवता. अण्णा उसळतात, "गेल्याचं कुणी बघितलं का? मला दाखवा!" पण मला एकदा हळूच म्हणाले, "अव्वाचे डोळे मिटायच्या आत तिला एक काय ते खरं सांगायचं हाय बाबा. आला तर आला म्हणून, न्हाई तर न्हाई म्हणून. रोज खोटं बोलून जीभ झडायची वेळ आली."

तर हे एवढं डोक्यात ठेवा. आता किस्से.

*

पहिला हसायचा. औश्याचे एक मामा आले. भाच्याची वरात, गाडीत आवाज पाहिजे. अण्णा जेवायला गेलेले. मामा म्हणाले, "मीच बसतो पुढं. मला कळतं आवाजातलं." मीही येडा, त्यांना खुणा समजावून सांगितल्या आणि डिकीत जाऊन बसलो.

गाणं सुरू झालं. टक. वाढवला. टक-टक. कमी केला. टक. वाढवला. टक-टक. म्हटलं मामा लई बारीक कानाचे दिसतात! मग टक-टक-टक-टक सुरू. आता चारदा म्हणजे काय, हे आमच्यात ठरलेलंच न्हाई. मी घामाघूम. स्क्रू फिरवून फिरवून मनगट दुखायला लागलं, आणि वूफरातून धूर निघाला.

मामा गाण्यावर ताल धरून बसले होते हो! खुणा कधीच विसरलेले. धुरातून खोकत बाहेर आले आणि म्हणतात कसे, "आयला, धूरबी येतो? लई भारी! एवढा वरातीपर्यंत पुरंल ना?"

तेव्हापासून गिऱ्हाइकाला पुढं बसवत न्हाई.

*

दुसरा डाळमिलवाल्या शेठचा. त्यांच्या गाडीला वूफरचा डबा अण्णांनी स्वतःच्या हातानं केला. चांगलं जाड प्लायवूड, आतून डिंक, बाहेरून स्क्रू. चहूबाजूंनी बंद, मुंगीसुद्धा आत जायची न्हाई. चारच दिवसांत शेठ परत. तोंड उतरलेलं. मागं शेठाणी, तोंड चढलेलं.

"अण्णा, बेस वाजला की गाडीत पैंजण वाजतंय. ही म्हणती, गाडीत कोण बसली होती ते सांगा."

"सांगा की मग," अण्णा म्हणाले. शेठ रडायच्या बेताला आले.

आम्ही गाणं लावलं. खरंच! धम्म झालं की छुम. धम्म, छुम. चारी दारं खोलली, सीटा काढल्या, चटया झटकल्या. काही न्हाई. शेवटी अण्णांनी डब्यावरचा वूफर काढला आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो तळहातावर चांदीचा वाळा. एवढुसा, लहान पोरीच्या पायातला. काळा पडलेला, हिरवं शेवाळ लागलेला. ओला होता.

मी अण्णांकडं बघितलं, अण्णांनी माझ्याकडं. डबा तर आम्हीच बंद केलेला.

शेठाणीनं वाळा घेतला, उलटा करून बघितला. आतल्या बाजूला एक चीर होती, तिच्यावरून बोट फिरवलं आणि मटकन खाली बसली. "हा माझा हाय. मी सहा-सात वर्षांची असताना निलंग्याला माहेरच्या विहिरीत पडलेला. आईनं लई मारलं होतं मला."

मग शेठनं घाम पुसला आणि म्हणाले, "म्हंजे माझ्यावरचा वहीम गेला का?"

*

नांदेडचा एक जण आपली शववाहिनी घेऊन आला होता. प्रेत नेताना भजन लावतात ना, ते स्पीकर फाटलेले. चालक मोठा बोलका माणूस, यादवभाऊ म्हणू त्याला. मी मागं काम करून राहिलो होतो आणि तो बाहेरून गप्पा हाणत होता.

"जरा बघून वायरिंग करा, बरं का. मागच्या लोकांची बी आवड असते."

"मागं कोण असतं? नातेवाईक?"

"नातेवाईक त्यांच्या त्यांच्या गाड्यांनी येतात. मागं एकच पाहुणा असतो की." हसला. "भजन जोरात झालं की मागून वाजतं. दोनदा. मग मी कमी करतो."

माझा हात थांबला. "दोनदा? आणि कमीच करायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? कळतं आपोआप. दोनदा म्हंजे कमी कर." त्यानं तंबाखू मळली, तोंडात टाकली. "एका म्हातारीनं मात्र एकदाच वाजवलं होतं."

"मग?"

"मग काय! स्मशानापर्यंत भजन फुल्ल!"

अण्णा काउंटरवर बसून हे ऐकत होते. मला वाटलं हसतील. ते उठले, शववाहिनीच्या मागं जाऊन उभे राहिले आणि यादवभाऊला विचारलं, "तीनदा कुणी वाजवलं का कधी?"

"न्हाई बा," तो म्हणाला. अण्णांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

*

आता ह्यात माझीच अब्रू गेली. इथल्या एका कोचिंग क्लासचे सर. फिजिक्स शिकवतात. त्यांची तक्रार अशी, की गाडीत बोललेलं गाडी ठेवून घेते आणि नंतर बोलून दाखवते.

"सर, फोनचं काही तरी असेल."

"फोन घरी ठेवून बघितलं. मी काही अडाणी न्हाई. स्पीकर आणि माईक एकच वस्तू असते, उलटी वापरली की झालं. हे मी पोरांना शिकवतो. पण ऐकलेलं साठवून ठेवायला त्याच्यात जागाच न्हाई! ते मला सतावून राहिलं."

गाडी ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी आले. अण्णा पुढं, सर बाजूला, मी मागच्या सीटवर. अँप चालू, गाण्याची तार काढलेली, काचा वर. शांतता ऐकायला बसलो. एक मिनिट झालं, दोन झाली. मी मनात म्हटलं, झालं, आता सरच लाजणार.

तेवढ्यात दाराच्या स्पीकरमधून बारीक आवाज आला. स्वच्छ. माझा!

"अण्णा, ह्यो सर येडा हाय. पोरं शिकवून शिकवून भेजा फ्राय झालाय त्याचा."

हे मी आदल्या दिवशी त्याच गाडीत वायर ओढताना बोललो होतो. शब्दाला शब्द!

धरणीमाता पोटात घेईल तर बरं, अशी माझी गत. आणि सर? सर खुशीत! माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा! म्हणत नव्हतो मी?"

आम्ही सगळे स्पीकर बदलून दिले. तक्रार परत आली न्हाई. पण त्या दिवशी दुकान बंद करताना अण्णा कुलूप हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"दत्त्या, गाडी ऐकती म्हंजे."

"अण्णा, तुम्ही पण काय..."

"मग शिवाची व्हॅनबी ऐकत असंल. तो शेवटचं काय बोलला, ते तिच्यात असंल."

मला त्यांची लई दया आली. मोटारसायकलला किक मारली.

त्या दिवसापासून अण्णांचं एक सुरू झालं. कुठलीही जुनी व्हॅन येऊ द्या, बल्ब बदलायला का आली असंना, अण्णा तिची दारं खोलणार. कारण शिवाच्या व्हॅनची दारं लई खडखड करायची आणि तेव्हा खडखड दाबायचे भारीतले पट्टे परवडत नव्हते, म्हणून दोघा भावांनी अव्वाचं जुनं इरकल लुगडं फाडून दारांच्या आतून चिकटवलं होतं. अव्वानं त्याबद्दल दोघांना लाटण्यानं बडवलं होतं. "रंग बदलंल, नंबर बदलंल," अण्णा म्हणायचे, "दाराच्या आतलं कोण बदलत बसतंय?"

*

कंधारकडच्या एका शेतकऱ्याची जीप होती. माझ्याच गावाकडचा म्हणून मी जरा मन लावून काम करत होतो. मी डिकीत पालथा. पुढून टक झालं. वाढवला. टक. वाढवला. टक-टक. कमी केला. परत टक-टक. अजून कमी. मग तीनदा. हात काढला. आवाज असा बसला होता काय सांगू! गाणारीचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू यायचा.

"अण्णा, जमलं!" मी ओरडलो. उत्तर न्हाई. मागच्या बाजूनं सरपटत पुढं गेलो. सीट रिकामी. दोन्ही दारं आतून लॉक, काचा वर. आणि अण्णा रस्त्याच्या पलीकडं टपरीवर बशीत चहा ओतून फुंकर मारत होते!

खोटं कशाला सांगू, मी तिथनंच 'अण्णा!' म्हणून बोंब ठोकली. ते बशी टाकून पळत आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी दार उघडायला लावलं, आत बसले, डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं.

"ही सेटिंग तुझी न्हाई," म्हणाले. "माझीबी न्हाई. बेस एवढा धरून शिवाच ठेवतो."

शेतकरी खिडकीतून डोकावला. "अण्णा, जरा अजून हाणा की बेस. काच हालली पाहिजे."

"हात लावायचा न्हाई," अण्णा म्हणाले. डोळे भरलेले. शेतकऱ्याला वाटलं, गाणं लागलं मनाला. त्यानं तशीच नेली गाडी.

*

आता शेवटचा.

मुखेडचे एक गुरुजी. निळी व्हॅन, नांदेडात जुनी घेतलेली. "रस्त्यावर काही वाजत न्हाई हो, खड्ड्यातबी न्हाई. गाडी उभी केली की डाव्या दारात ठोकल्यासारखं होतं."

अण्णांनी डाव्या दाराचा पत्रा काढला. आतल्या बाजूला निळा रंग संपून पांढरा सुरू झाला होता. त्याच्यावर चिकटवलेलं कापड, मातीनं भरलेलं. अण्णांनी अंगठ्यानं पुसलं. लाल काठ निघाला.

अण्णा खाली जमिनीवरच बसले. गुरुजी घाबरले, "काय झालं? लई गंज लागलाय का?"

मग आमची पळापळ. नांदेडच्या दलालाकडं, त्याच्या आधीच्याकडं, त्याच्याही आधीच्याकडं. शेवट देगलूरच्या बाजूच्या एका भंगारवाल्यापाशी झाला. तो म्हणाला, "रोडच्या कडेला लई दिवस उभी होती, ओढून आणली. किल्ली तिलाच होती."

"आणि माणूस?"

"माणूस नव्हता."

पोलीसही येऊन बघून गेले. त्याच्या पुढं धागा न्हाई.

अण्णांनी त्या कापडाचा हातभर तुकडा घरी नेला. मी सोबत होतो. अव्वानं तो बोटांत चुरगाळला, नाकाला लावला. "माझं हाय हे." मग वर बघितलं. रोजच्यासारखं आला का म्हणून विचारलं न्हाई. म्हणाली, "शिव्या कुठं हाय?"

अण्णांना 'वाटेवर हाय' म्हणवलं न्हाई. नुसते चपला घालून बाहेर आले. माझ्यासमोर तो एवढा मोठा माणूस भिंतीला धरून रडला. "आज तिला सांगावंच लागंल दत्त्या. पण काय सांगू रे? मलाच कुठं ठाऊक हाय!"

तिथूनच त्यांनी गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, एक दुपार गाडी द्या. नवी सिस्टम बसवून देतो, माझ्याकडून."

दुपारी गाडी उभी केली. अण्णांनी जुन्याच जागी स्पीकर बसवले, उरलेल्या कापडाला हात न लावता. अँप मी मागं बसवला, चालू केला. गाण्याची तार बाहेरच लोंबत होती.

"जोडू का?"

"नको. आधी शांतता ऐकू दे."

ते पुढं बसले. काचा वर. मी मागं, गेनच्या स्क्रूवर ड्रायव्हर ठेवून. मला तिथून त्यांची पाठ दिसत होती, आणि दोन्ही हात दिसत होते. स्टिअरिंगवर धरलेले, घट्ट.

बराच वेळ काही न्हाई. बाहेर ऑटो जात होते, कुणी तरी भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं.

मग डाव्या दाराच्या स्पीकरमधून आलं.

टक. टक. टक.

घाईत न्हाई, रागात न्हाई. रोजच्या कामातलं असावं तसं. माझा हात सवयीनं स्क्रूवरून निघाला.

अण्णांनी मागं वळून बघितलं न्हाई. पाठ तशीच ताठ. स्टिअरिंगवरचे हातही तसेच. मग अगदी हळू बोलले, पण काचा बंद होत्या, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"इतक्यात काय बास रे, शिवा?"

त्यांचा उजवा हात सुटला, डॅशबोर्डवर गेला आणि त्यांनी बोटानं एकदाच वाजवलं.

तार अजून बाहेरच लोंबत होती.

मी गेन वाढवला.